फेअरलेडीची डावी सीट

आमच्या घरात कुणाचंही वाक्य एका दमात पूर्ण व्हायचं नाही. मरोळच्या गावठाणावरून विमानं इतकी खालून जायची की बोलणारा तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचा, ऐकणारा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबायचा, आणि आवाज विरला की वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं. पाहुण्यांना हे विचित्र वाटे. आम्हाला त्यात काहीच वाटत नसे. म्हणूनच पप्पा आजारातून घरी आला आणि आकाशात काही नसतानाही बोलता बोलता मधेच थांबायला लागला, तेव्हा पहिले काही दिवस आय आणि मी सवयीने वर बघायचो.

आमच्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत बापाला अरे-तुरेच करतात, त्यात माया कमी असते असं नाही. पप्पा विमानतळावर सामानाचे डबे ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोघे थोरले भाऊ आखातात नोकरीला लागले होते, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. घर बैठं, मंगलोरी कौलांचं. पुढे ओटला, मागे लांबच्या लांब पडवी. आमची शेतं होती तेव्हा त्या पडवीत भात ठेवत. शेतांवर कारखाने उभे राहिले आणि पडवीत उरल्या आयच्या कोंबड्या, मसाला कुटायची उखळ आणि मोडक्या खुर्च्या. मे महिन्यात मसाला कुटणाऱ्या बायका यायच्या. दोघी समोरासमोर बसून आळीपाळीने मुसळ घालायच्या, आणि भाजलेल्या मिरच्यांचा खाट असा उठायचा की अख्खं गावठाण शिंकत राहायचं. तो मसाला मग बाटल्यांत ठासून भरायचा. बोंबलाच्या कालवणाला तोच, मटणाला तोच, आणि रविवारी चर्चमधल्या मासवरून आल्यावर फुग्यांबरोबर, म्हणजे तळलेल्या गोल पावांबरोबर, जे काही रश्शाचं असेल त्यालाही तोच. आज माझ्या स्वयंपाकघरात तो मसाला आहे, पण शिंक येत नाही. मिरची बदलली की नाक, कोण जाणे.

आजारी पडायच्या थोडं आधी पप्पाने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एक गाडी आणली होती. गाडी म्हणजे नुसता सांगाडा. ठेंगणी, बिनछपराची, पुढची काच नाही, जाळी नाही, नाव नाही, चाकांच्या जागी विटा. टेम्पोतून उतरवताना आयने कपाळावर क्रूस केला होता. "ही काय शवपेटी आणलीस?" असं तिने विचारलं होतं. पप्पा म्हणाला होता, "बघ तर खरी." मग महिन्याभरात त्याला झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू चालता झाला, बोलणं जड का होईना पण सुधारलं. डावा हात मात्र कोपरात वाकून पोटाशी राहिला, कुणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. नोकरी सुटली. दिवसभर तो ओटल्यावर बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून त्यांचे आजार सांगायचा.

मी तेव्हा कॉमर्सच्या कॉलेजात होते. एका दुपारी घरी आले तर पप्पा पडवीत, गाडीच्या पुढ्यात उकिडवा. नट पान्याने फिरवायचा तर मागचा बोल्ट दुसऱ्या पान्याने धरावा लागतो, आणि ते एका हाताने होत नव्हतं. पाना निसटून त्याची बोटं सोलली होती. मी पुस्तकं कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवली आणि मागचा बोल्ट धरला. नट सुटला. पप्पाने दुसऱ्या नटाकडे बोट दाखवलं. असं सुरू झालं ते. त्या दिवसापासून त्याचा डावा हात मी.

गाडी कुठली हाच पहिला प्रश्न होता. बघायला येणारा प्रत्येकजण विलायती म्हणायचा, कारण तसल्या ठेंगण्या उघड्या गाड्या विलायतीच असतात हे सगळ्यांना ठाऊक. पप्पाकडे पान्यांचे दोन डबे होते, एक इंचाच्या मापांचा, दुसरा मिलिमीटरचा. इंचाचा एकही पाना या गाडीला नीट बसेना. एक तर ढिला, नाहीतर जाईच ना. मिलिमीटरचा लावला की 'टक' करून बसायचा. "विलायती नाय ही, फिलू," पप्पा मला म्हणाला. "जपानी हाय." शेजारचे हसले. जपानची स्पोर्ट्स कार? जपान रेडिओ बनवतो, घड्याळं बनवतो! पण पप्पा हटला नाही, आणि मलाही एक नाद लागला. अंधेरी स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे जुन्या परदेशी मासिकांचे ढीग असत. कॉलेज सुटलं की मी त्यात डोकं घालून बसायची. कधी एखादा धूसर फोटो सापडायचा, खाली दोन ओळी. तेवढ्यावरून आम्ही संध्याकाळभर वाद घालायचो. दिव्यांची जागा जुळते, पण दरवाजा? पुढच्या मडगार्डवर कधीकाळी धातूच्या अक्षरांत गाडीचं नाव लावलेलं असणार, कारण तिथे तिरक्या ओळीत बारीक भोकं होती. मी त्यांच्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि ठिपके उमटवून घेतले. कितीतरी नावं त्या ठिपक्यांवर लिहून पाहिली. एकही बसेना.

आणखी एक कोडं होतं. दोन सीटांच्या मागे, जिथे पिशवी ठेवण्यापुरती जागा, तिथे तळाच्या पत्र्याला चार बोल्ट होते, तेही आडव्या दिशेने. पप्पाचं म्हणणं, नंतरच्या कुणीतरी काहीतरी जोडलेलं असणार. "मूळची गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी करायची. मधल्या लोकांनी केलेला गाढवपणा सगळा काढायचा." ते बोल्ट कापून भोकं बुजवायची असं त्याने ठरवलं होतं. हे 'जशी होती तशी' त्याच्या तोंडी सारखं यायचं. इंजिन जसं होतं तसं. रंग जसा होता तसा. रोज सकाळी तो डावा हात उजव्या हाताने उचलून पन्नासदा वरखाली करायचा, तेव्हाही ओठांनी तेच पुटपुटत असावा असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मी पिस्टनला घट्ट बसलेल्या रिंगा सोडवण्यात बुडाले होते.

रंगानेच वाट दाखवली. दरवाजा घासताना हिरव्याखाली लाल निघाला आणि लालखाली पांढरा. ते थर दाखवायला आम्ही दरवाजा रिक्षात घालून घाटकोपरला जाधव पेंटरकडे नेला. जाधव मूळचे जालन्याकडचे, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा कॉम्प्रेसर धडधडत असायचा. त्यांनी हिरव्या रंगावर नख मारलं आणि चष्मा वर केला.

"हा रंग माझा आहे," ते म्हणाले. "मी मारलाय. मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंची गाडी ही. सबनीसबाई. दुकानातला एक पण हिरवा त्यांना पसंत पडेना. शेवटी झाडाचं पान घेऊन आल्या. म्हणे असा पाहिजे!"

"बाई अजून हायत?" पप्पाने विचारलं.

"असतील ना. दवाखाना बंद केला, पण घर तिथंच."

पुढच्याच रविवारी आम्ही मुलुंडला गेलो. आयने बाईंसाठी फुगे बांधून दिले. सबनीसबाई सत्तरीच्या असाव्यात, केस कापलेले, आवाज खणखणीत. गाडीचं नाव काढताच त्यांनी आम्हाला आत ओढून बसवलं. एका परदेशी वकिलातीतला अधिकारी त्यांचा पेशंट होता. देश सोडून जाताना त्याने गाडी बाईंना विकली. "मुलुंडमध्ये मी या गाडीतून निघाले की लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. एवढी खाली, की बसताना वाटायचं जमिनीवरच मांडी घालतेय. शेवटी गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून विकून टाकली." मी माझा ठिपक्यांचा कागद पुढे केला. त्यांनी तो क्षणभर पाहिला, पेन उचललं आणि लहान मुलं ठिपके जोडतात तसं एका ओघात लिहिलं. इंग्रजी अक्षरं, तिरकी, वळणदार. फेअरलेडी. सगळे ठिपके त्या नावाखाली झाकले गेले.

"आणि मागे ते आडवे बोल्ट आहेत ना," मी विचारलं, "ते कुणी लावले?"

"लावले कुणी म्हणजे? कारखान्यानेच. तिसरी सीट होती तिथे, आडवी. माझी नर्स त्यावर खेकड्यासारखी बसायची. अगदी सुरुवातीच्या गाड्यांनाच ती होती म्हणे, पुढे काढून टाकली. म्हणजे तुमची पहिल्यावहिल्यांतली आहे." पप्पाने माझ्याकडे बघितलं. बोल्ट कापायचं पुढच्याच आठवड्यात ठरलं होतं. तो हसला, तोंडाच्या उजव्या बाजूने.

मग चहा आला. पप्पाने कप उजव्या हाताने घेतला, बशी माझ्याकडे दिली. बाईंचं लक्ष गेलं. त्या उठून त्याच्याजवळ बसल्या, न विचारता त्याचा डावा हात मांडीवर घेतला, बोटं उघडून पाहिली, सोडून पाहिली.

"किती दिवस झाले?"

"दीड वरस होत आलं," पप्पा म्हणाला. "व्यायाम करतो रोज. सुधारतोय."

"सुधारायचा तो पहिल्या काही महिन्यांत सुधारतो," बाई म्हणाल्या. "आता हा एवढाच राहील. व्यायाम सोडू नका, नाहीतर आखडेल. पण पाना धरणार नाही हा हात. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

त्या कठोरपणे बोलल्या नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे घरी त्यांच्या नावाने बरंच बोललं गेलं. पेशंटला खरं सांगायचं असतं, एवढाच त्यांचा हिशेब होता. पप्पाने हात परत पोटाशी घेतला, "बरं" म्हणाला आणि चहा संपवला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. आरे कॉलनीच्या तोंडाशी मी म्हटलं, "पप्पा, तिसऱ्या सीटला काथ्या भरू या का?" त्याने डावा हात उजव्या हाताने झाकून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो पडवीत गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळचा व्यायाम बंद. ओटल्यावर बसणंही बंद. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी विचारलं तर म्हणाला, "गाडी देऊन टाक कोणाला. मोडकं ते मोडकंच." आय भडकली. भांडी आपटत म्हणाली, "त्या बाईला काय गरज होती तोंड उघडायची? मी फुगे करून पाठवले तिला!" आणि मग एकाएकी चुलीजवळच बसली, पदर तोंडाला लावून. "मला ठाऊक होतं गो," ती मला म्हणाली. "हॉस्पिटलातनं निघताना मोठ्या डॉक्टरने सांगितलेलं. मी नाय बोलले. रोज सकाळी पन्नास वेळा हात उचलायचा, मी मोजीत बसायची. कशी बोलू?"

माझ्याकडे अर्धवट जोडलेलं एक इंजिन होतं. मी पडवीत गेले आणि कामाला लागले. यावेळी मागचा बोल्ट धरायला कुणी नव्हतं, किंवा असं म्हणू की नटाला हात घालायला कुणी नव्हतं. दोन दिवस मी एकटी झगडले. तिसऱ्या दिवशी आय आली, साडी खोचून, आणि म्हणाली, "काय धरायचं ते सांग." तिने धरलं. कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोलची नळी बसवली. तिसरी सीट तर तिनेच केली. काथ्या भरून, वरून काळं रेक्झिन, उसवणार नाही अशी शिलाई. मधे मधे ती आतल्या खोलीच्या खिडकीकडे बघून मुद्दाम मोठ्याने विचारायची, "फिलू, हा स्क्रू असा का गो?" मग कान देऊन थांबायची, आणि पुन्हा कामाला लागायची.

एका रविवारी, मासवरून आल्यावर, इंजिन सुरू करायचं ठरवलं. बॅटरी शेजाऱ्यांच्या टॅक्सीची. आयने कोंबड्यांना खुराड्यात कोंडलं, होली वॉटरचे चार थेंब बॉनेटवर शिंपडले. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, खोकलं, आणि मग असा काही बार उडाला की कौलांवरचे कावळे उठले. सुरू झालं होतं! पण सुरू कसलं, सगळं अंग झाडत होतं, दर दोन श्वासांनी फाड फाड करत होतं, काळा धूर पडवीभर. मी घाबरून ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आय ओरडत होती. आणि त्या सगळ्या गदारोळावरून आतून आवाज आला, जड जिभेचा, पण असा की विमानावरूनही ऐकू गेला असता.

"बंद कर! बंद कर गाढवे! वायरी उलट्या लावल्यास!"

पप्पा दारात उभा होता. अनवाणी, बनियनवर, दाढी वाढलेली. लंगडत आला, मला खांद्याने बाजूला सारलं, बॉनेटमध्ये वाकला. "दोन नि तीनच्या प्लगची अदलाबदल केलीस. इंजिन रडतंय, ऐकू येत नाय तुला?" उजव्या हाताने एक वायर उपटली, ती दातांत धरली, दुसरी उपटली, जागेवर लावली, मग दातांतली घेऊन तिच्या जागी. "आता मार." मी किल्ली फिरवली. या वेळी इंजिन नुसतं बोलू लागलं, खालच्या आवाजात, एकसुरात. आम्ही तिघं ऐकत उभे राहिलो. पप्पाच्या ओठाला तेलाचा डाग लागला होता. आयने तो पदराने पुसला, आणि त्याने पुसू दिला.

त्यानंतर 'जशी होती तशी' हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत. जाधवांनी विचारलं, कारखान्याचा पांढरा मारू ना? पप्पा म्हणाला, "नको. बाईंचा पानासारखा मारा." आजकाल मी नातवाच्या फोनवर अशा गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघते. प्रत्येक भाग खोक्यातून नवाकोरा येतो, गाडी शोरूममधून काढल्यासारखी लखलखते. बघायला मजा येते. पण मधली माणसं त्यात कुठे जातात, असं मनात येऊन जातं.

चाकं, काच बसून गाडी तयार झाली आणि चालवणार कोण हा प्रश्न कुणी काढलाच नाही. पप्पा सरळ जाऊन उजव्या सीटवर बसला. मी डावीकडे, आय मागे आडवी, गुडघे पोटाशी घेऊन, हातात रोझरी. पप्पाने इंजिन सुरू केलं, उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डाव्या पायाने क्लच दाबला. पायाला वेळ लागला, पण दाबला. आणि तसाच बसून राहिला. गिअरचा दांडा त्याच्या डाव्या हाताशी होता. तो हात मांडीवर पडलेला. इतक्या महिन्यांत हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. समोर फाटकापर्यंतचा रस्ता मोकळा, शेजारी ओळीने उभे, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. पप्पाची मान खाली जात चालली होती.

"पप्पा," मी म्हटलं, "क्लच तसाच धर." आणि माझा उजवा हात दांड्यावर ठेवला. पहिला गिअर घातला. "सोड आता. हळू."

गाडी निघाली. फाटकाबाहेर पप्पा ओरडला, "दुसरा!" मी दुसरा घातला. वळणावर घाई झाली, गिअरचे दात किरकिरले, मागून आयने सगळ्या संतांना एकदम हाक मारली. आम्ही आरे कॉलनीच्या रस्त्याला लागलो. रविवारची दुपार, दोन्ही बाजूंना झाडी, रस्त्यात एखाददुसरी गाय. "तिसरा! ... दुसरा! ... अगो दुसरा, चढ हाय!" एखाद्या पोलिसाने बघितलं असतं तर काय झालं असतं देव जाणे. मग एका लांब चढावर माझ्या लक्षात आलं की तो ओरडायचा थांबलाय. इंजिनचा आवाज जाड झाला, त्याचा पाय क्लचवर गेला, आणि माझा हात आपोआप हलला. वर पोचेपर्यंत आम्ही असेच गेलो. माथ्यावर तो हसायला लागला, मोठमोठ्याने, तोंड वाकडं करून, आणि आय मागून म्हणत राहिली, "रस्त्यावर बघ, अरे रस्त्यावर बघ."

पुढे किती रविवार आम्ही असे फिरलो याची गणती नाही. माझं लग्न झाल्यावरही मी बोरिवलीहून रविवारी यायची ती डाव्या सीटवर बसायलाच. लोकांना वाटायचं बाप-लेक हातात हात धरून बसलेत.

पप्पा गेल्यावर गाडी बराच काळ पडवीत उभी होती. भाऊ म्हणाले, तूच ने, तुझाच हात लागलाय तिला. मी पहिल्यांदाच उजव्या सीटवर बसले. किल्ली फिरवली, इंजिन लगेच बोललं. स्टिअरिंगवर उजवा हात, क्लचवर पाय. दांडा आता माझ्या डावीकडे होता. मी डावा हात त्यावर ठेवला, आणि त्या हाताला काहीच माहीत नव्हतं. पहिला कुठे, दुसरा कुठे, किती ढकलायचं, कुठे थांबायचं, काही नाही. सगळं शिकला होता तो माझा उजवा हात, आणि तो आता स्टिअरिंगवर, पप्पाच्या हाताच्या जागी होता.

मग डाव्या हाताने चाचपडत पहिला गिअर शोधायला लागले.